राष्ट्र संकटांतून कसें सावरतें?

संकट राव आणि रंक असा भेद करीत नाहीं, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु हें बोलणें अर्धेंच खरें आहे. पाऊस रुसला म्हणजे तो सर्वांच्याच शेतावर रुसतो, आणि भूमि हादरली म्हणजे ती सर्वांच्याच घराखालीं हादरते, यांत संशय नाहीं. तथापि ज्याच्या कणगींत दोन वर्षांची ज्वारी सांठविलेली आहे त्याला एका सालचा दुष्काळ म्हणजे काळजी. आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला तोच दुष्काळ म्हणजे देशोधडी. तात्पर्य, आपत्ति निसर्गाकडून आली तरी तिचें दुःख कोणाच्या वांट्याला किती यावें, हें बऱ्याच अंशीं माणसांनीं आधीं करून ठेवलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असतें. मग एखादें राष्ट्र संकटांतून सावरलें असें केव्हां म्हणावें? पडलेलीं घरें उभीं राहिलीं आणि बाजार पुन्हां भरूं लागला म्हणजे पुरे काय? कीं याहून अधिक कांहीं घडावें लागतें? या प्रश्नांचा विचार आमच्या विद्यार्थिमित्रांनीं आणि त्यांच्या पालकांनीं करावा, या हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

हा विषय आमच्या भागाला परका नाहीं. इस्लापूर हें नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांतील गांव. पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा येथून जवळच आहे. पावसाळ्यांत त्याचा घोष ऐकण्यास दूरदूरचे लोक येतात. पण चैत्र-वैशाखांत त्याच नदीच्या पात्रांत उघडे पडलेले काळे खडक पाहण्यास कोणी मुद्दाम येत नाहीं. पूर आणि टंचाई हीं दोन्ही एकाच कांठावर नांदतात, हा मराठवाड्याचा जुना अनुभव आहे. २०१६ सालीं लातूर शहराला पिण्याचें पाणी आगगाडीनें आणावें लागलें. आणि २०२५ च्या पावसाळ्यांत अतिवृष्टीमुळें याच मराठवाड्यांत उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. तेव्हां संकट येईल कीं नाहीं, हा प्रश्नच नव्हे. तें आल्यावर आपण काय करूं आणि तें गेल्यावर काय शिकूं, हाच खरा प्रश्न होय.

दामाजीपंतांची कथा आमच्या बहुतेक वाचकांनीं कीर्तनांत ऐकली असेल. मंगळवेढ्यास बेदरच्या बादशहाचें धान्याचें कोठार दामाजीपंतांच्या ताब्यांत होतें. भयंकर दुष्काळ पडला आणि माणसें दारोदार भाकरीसाठीं हिंडूं लागलीं, तेव्हां दामाजीपंतांनीं बादशहाची आज्ञा न घेतां कोठार उघडलें आणि भुकेलेल्यांना धान्य वांटलें. त्याबद्दल बादशहाचा कोप झाला. आणि पुढें विठ्ठलानें विठू महाराचें रूप घेऊन धान्याचें मोल बादशहाच्या पदरांत घातलें, असें कथा सांगते. तींत इतिहास किती आणि भक्ति किती, हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. आम्हांला तींतील एकाच गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. त्या काळीं भुकेलेल्यांना राजाच्या कोठारांतील दाणा मिळावयाचा तर एका सज्जन अधिकाऱ्याला आपला प्राण पणास लावावा लागे. दामाजीपंत थोर होते, यांत शंका नाहीं. पण ज्या गांवीं दामाजीपंत नव्हते त्या गांवच्या लोकांनीं काय करावयाचें? एकाच्या दयेवर हजारोंचे प्राण टांगलेले असणें, ही त्या राज्यव्यवस्थेची मोठीच उणीव होती. आमच्या मतें, संकटांतून राष्ट्र सावरण्याचा इतिहास म्हणजे ही उणीव हळूहळू भरून काढण्याचा इतिहास होय. जें काल एखाद्याच्या दयेनें मिळत होतें तें आज सर्वांना नियमानें मिळूं लागलें, म्हणजे राष्ट्र एक पायरी वर चढलें असें समजावें.

ही पायरी किती कष्टानें चढावी लागते, हें पाहण्यासारखें आहे. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनवर आणि मद्रासकडे जो दुष्काळ कोसळला त्या वेळीं आगगाड्या सुरू झालेल्या होत्या, आणि धान्य एका प्रांतांतून दुसऱ्या प्रांतांत जाऊं शकत होतें. तरीही एकट्या ब्रिटिश मुलुखांत सुमारें ५५ लक्ष माणसें दगावलीं, असा अंदाज आहे. असें कां व्हावें? कारण हें कीं, दुष्काळांत धान्य जितक्या वेगानें नाहींसें होतें त्याहून अधिक वेगानें मजुराच्या हातचें काम नाहींसें होतें. पेरणी नाहीं, खुरपणी नाहीं, काढणी नाहीं. मग मजुरी कोठून येणार? आणि मजुरी नाहीं म्हणजे बाजारांतील धान्याची रास ही डोळ्यांनीं पाहण्यापुरतीच! सरकारनें रस्त्यांचीं आणि तळ्यांचीं कामें काढलीं खरीं. परंतु काटकसरीच्या हट्टापायीं १८७७ सालच्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें मजुरी इतकी उतरविण्यांत आली कीं, दिवसभर राबणाऱ्या माणसाला सुमारें एक रत्तल धान्याचें मोल आणि वर थोडेसे पैसे, एवढ्यावर भागवावें लागे. पुष्कळ मजुरांनीं अशा कामावर जाण्याचेंच नाकारलें. त्यांची बाजू पुण्याच्या सार्वजनिक सभेनें मांडली. ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत त्या गणेश वासुदेव जोशी यांच्या या सभेनें गांवोगांवची खरी माहिती गोळा करून ती सरकारपुढें ठेवली. जोतीराव फुले आणि त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनीं पुण्याजवळ धनकवडी येथें उपाशी मुलांच्या अन्नाची सोय केली. सहृदय माणसें त्याही काळीं होतीं. नव्हती ती व्यवस्था.

इतकीं माणसें गेल्यावर सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला. १८८० सालीं त्याचा अहवाल आला, आणि त्यावरून निरनिराळ्या प्रांतांसाठीं दुष्काळाचे नियम तयार झाले. दुष्काळाचीं पूर्वचिन्हें कोणतीं, कामें केव्हां काढावीं, मजुरी किती द्यावी, म्हातारे, आजारी व पोरकीं मुलें यांना कामाशिवाय अन्न कसें पोंचवावें, शेतसाऱ्याची सूट आणि तहकुबी केव्हां द्यावी, तगाई कोणाला मिळावी, हें सर्व त्यांत लिहून ठेवण्यांत आलें. दामाजीपंतांनीं जें प्राण पणास लावून केलें तें आतां निदान कागदावर तरी अधिकाऱ्याचें कर्तव्य ठरलें. परंतु कागद स्वतः होऊन बोलत नाहीं. त्याला वाचणारा लागतो. १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ पडला तेव्हां लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’तून शेतकऱ्यांना हेंच समजावून सांगितलें कीं, हे नियम तुमच्यासाठीं आहेत, आणि नियमानें जें तुमचें आहे तें न भितां मागितलें पाहिजे. जो हक्क लोकांना ठाऊक नाहीं तो असून नसल्यासारखाच, हा धडा त्या वेळीं महाराष्ट्रानें घेतला.

आतां आमच्या वाचकांच्या आजोबा-आजींनीं डोळ्यांनीं पाहिलेल्या संकटाकडे वळूं. बहात्तरचा दुष्काळ असें नुसतें म्हटलें तरी घरांतील वडीलधारीं माणसें क्षणभर गप्प होतात. १९७० पासूनच पाऊस ओढ देत होता. १९७२ सालीं त्यानें पुरती पाठ फिरविली. खरीप हातचें गेलें आणि रब्बीची आशा उरली नाहीं. परदेशांतून आणलेली तांबडी मिलो ज्वारी खाऊन, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी मुलांच्या तोंडीं घालून, लोकांनीं ते दिवस काढले. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत दुष्काळी कामांवर असलेल्या मजुरांची संख्या ५० लक्षांच्या घरांत गेली होती. त्यांनीं पाझर तलाव बांधले, नाल्यांना बांध घातले, विहिरी खणल्या, रस्त्यांसाठीं खडी फोडली. हाल पुष्कळ झाले; गुरें गेलीं, घरांतील भांडीं विकलीं गेलीं. परंतु १८७७ प्रमाणें माणसें लक्षांनीं मेलीं नाहींत. भूमि तीच, आणि पाऊसही तसाच रुसलेला. फरक पडला तो लोकांच्या हातीं वेळेवर काम आणि मजुरी पोंचल्यामुळें.

यापुढील पाऊल अधिक महत्त्वाचें आहे. दुष्काळ ओसरला कीं कामें बंद, अशी आजवरची रीत होती. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं मात्र सांगली जिल्ह्यांतील तासगांव भागांत १९६५ च्या सुमारास झालेल्या प्रयोगावरून एक निराळाच विचार मांडला होता. जो कोणी अंगमेहनत करण्यास तयार आहे त्याला काम देणें हें सरकारचें कर्तव्य होय, मग तें साल दुष्काळाचें असो वा सुकाळाचें, असा तो विचार. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दींत रोजगार हमी योजना सुरू झाली. १९७७ सालीं तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागूनही ठराविक मुदतींत न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, असें त्यांत ठरलें. दुष्काळी नियमांनीं अधिकाऱ्याला कर्तव्य सांगितलें होतें. या कायद्यानें मजुराला हक्क दिला. दोहोंतील अंतर आमच्या विद्यार्थ्यांनीं नीट ध्यानांत घ्यावें. कर्तव्य विसरणारा अधिकारी भेटतो, परंतु पोटाची भूक असलेला मनुष्य आपला हक्क सहसा विसरत नाहीं.

या योजनेला लागणारा पैसा कोठून आला, हीही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. १९७५ सालीं महाराष्ट्रांत व्यवसाय कर बसविण्यांत आला. मुंबई-पुण्याचा पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी हा आपल्या प्राप्तींतून थोडी रक्कम देऊं लागला, आणि सरकारनें तींत आपली भर घालावी असें ठरलें. त्या पैशावर मराठवाड्यांतील भूमिहीन बाई बांधावर माती टाकूं लागली. दोघांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नाहीं. तरी एकाच्या कमाईंतील वांटा दुसऱ्याच्या चुलीपर्यंत पोंचतो, यालाच राष्ट्र म्हणावयाचें. योजनेंत दोष नव्हते असें नाहीं. कित्येक ठिकाणीं खडीचे ढीग रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले, कामें अपुरीं सुटलीं आणि हजेरीपटांवर खोटीं नांवेंही चढलीं. तथापि मूळ विचार खरा होता. २००५ सालीं संसदेनें ग्रामीण कुटुंबाला वर्षास १०० दिवस काम देण्याचा कायदा सर्व देशासाठीं केला, आणि २ फेब्रुवारी २००६ रोजीं ज्या २०० जिल्ह्यांत त्याचा आरंभ झाला त्यांत आपला नांदेड जिल्हाही होता. महाराष्ट्राच्या खडी फोडणाऱ्या हातांनीं शिकविलेला धडा असा देशाच्या कायद्यांत उतरला.

सर्वच संकटें ढगांतून किंवा भूगर्भांतून येतात असें नाहीं. कांहीं बाजारांतूनही येतात. आमच्या भागांत कापूस घरोघर पिकत असल्यामुळें हें सांगण्यास फारसे शब्द नकोत. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध जुंपलें आणि तेथील कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. आपल्याकडील कापसाला अपूर्व भाव आला; मुंबईंत शेअरांच्या सट्ट्याला ऊत आला, आणि खेड्यांत सावकार मागेल त्याला कर्ज देऊं लागला. १८६५ सालीं युद्ध थांबलें आणि भाव कोसळला. मुंबईच्या पेढ्या बुडाल्या. खेड्यांत मात्र कर्ज राहिलें आणि व्याज वाढत गेलें. शेवटीं १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी उठले. त्यांचा राग सावकारांच्या जिवावर नव्हता, तर कर्जरोख्यांवर होता. ते कागद त्यांनीं जाळले. सरकारनें चौकशी केली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा केला. रोख्यावर लिहिलेला आंकडा डोळे मिटून खरा न मानतां मूळ व्यवहार काय झाला तें न्यायाधीशानें पाहावें, आणि कर्जापायीं शेतकऱ्याला तुरुंगांत घालूं नये, असें त्यानें ठरविलें. हा कायदा आरंभीं चारच जिल्ह्यांपुरता होता, आणि निजामाच्या अमलाखालील मराठवाड्याला त्याचा लाभ नव्हता. तरी बाजाराच्या पुरांत सांपडलेल्या गरिबाला कायद्यानें हात द्यावा, हें तत्त्व त्यानें मान्य केलें.

१९९१ सालीं तर असा प्रसंग खुद्द देशावरच आला. आपला देश परदेशांतून खनिज तेल आणि इतर माल घेतो, आणि त्याचें मोल परकीय चलनांत द्यावें लागतें. ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेतवर स्वारी केली आणि तेलाचे भाव चढले. आधींच कर्जानें वांकलेल्या देशाजवळ १९९१ च्या उन्हाळ्यांत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढेंच चलन उरलें. पेरणीसाठीं बियाणें आणावें म्हणून शेतकऱ्याची बायको अंगावरील डाग सावकाराकडे ठेवते, तशीच पाळी रिझर्व्ह बँकेवर आली. जुलै महिन्यांत तिनें सुमारें ४७ टन सोनें बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून कर्ज उभें केलें. त्या वेळचे पंतप्रधान नरसिंह राव हे आपल्या शेजारच्या तेलंगणांतील. मराठी त्यांना उत्तम येत असे आणि विदर्भांतील रामटेकहून ते लोकसभेवर निवडून गेलेले होते. त्यांचे अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनीं २४ जुलै १९९१ रोजीं नवें अंदाजपत्रक मांडलें. त्याच महिन्यांत रुपयाचें मोल उतरविण्यांत आलें आणि उद्योगांवरील परवान्यांचे पाश सैल करण्यांत आले. देशानें पत राखली. पुढें २००९ सालीं याच देशानें आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोनें विकत घेतलें. हें सावरणें खरेंच मोठें होतें. परंतु देशाची तिजोरी भरली म्हणजे प्रत्येक घरची कणगी भरतेच असें नाहीं. पुढील वर्षांत विदर्भ-मराठवाड्यांतील किती कर्जबाजारी शेतकऱ्यांनीं आपल्या हातानें आपलें जीवन संपविलें, हें आमच्या पालकांना सांगावयास नको. संकट निवारलें किंवा नाहीं, हें तिजोरीबरोबर चुलीपाशींही जाऊन विचारलें पाहिजे.

आतां शेवटचें आणि सर्वांत जवळचें उदाहरण. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर आणि उस्मानाबाद (आतांचा धाराशिव) या जिल्ह्यांची भूमि हादरली. गणेशविसर्जन आटोपून लोक गाढ झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें कांहीं क्षणांत भुईसपाट झालीं. आठ ते दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. भूकंपाचें मान ६.३ च्या आसपास होतें. असे धक्के इतर देशांत यापूर्वींही बसले आहेत आणि तेथें इतकी मनुष्यहानि झालेली नाहीं; मग येथेंच ती कां व्हावी? याचें उत्तर घराच्या भिंतींत सांपडतें. या भागांतील घरें दगड-मातीचीं. भिंती दोन-दोन हात रुंद, पण आंतला थर आणि बाहेरचा थर यांना एकत्र बांधणारा आरपार दगड नाहीं. वर लांकडी तुळया, आणि त्यांवर मातीचें जाड माळवद. असें घर उन्हाळ्यांत थंड आणि थंडींत उबदार असतें, म्हणून आपल्या पूर्वजांनीं तें पसंत केलें. परंतु भूमि हादरतांच भिंती फुटल्या, आणि माळवदाचा सारा भार निजलेल्या माणसांवर आला. माणसें भूकंपानें मेलीं नाहींत, घरांनीं मारलीं, हें म्हणणें कठोर असलें तरी खरें आहे.

पहिली मदत कोणी केली? जे स्वतः वांचले त्यांनींच, हातांनीं माती उपसून. नंतर शेजारचीं गांवें, नंतर सैन्य, आणि मग सर्व देश धांवून आला. पाऊस कोसळत होता, तरी मदतीचा ओघ थांबला नाहीं. परंतु मदतीलाही विवेक लागतो. दुरून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग वापराविना पडून राहिले. हवें होतें तें छप्पर, औषध आणि धीर. पहिल्या आठवड्यांत लागणारी दया आणि पुढील पांच वर्षांत लागणारी चिकाटी हे दोन वेगळे गुण आहेत, आणि राष्ट्राची खरी परीक्षा दुसऱ्या गुणांत होते.

जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यानें महाराष्ट्र सरकारनें जें पुनर्वसन हातीं घेतलें त्यांत ५२ गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. घरें जमिनीच्या मानानें देण्यांत आलीं: भूमिहीन व अल्पभूधारकास २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यास ४००, आणि मोठ्या शेतकऱ्यास ७५०. घरें भक्कम झालीं, परंतु कित्येक नवीं गांवें शहरी वसाहतींसारखीं सरळ रेषांत आंखली गेल्यामुळें जुन्या गल्ल्या, वाडे, ओसरी आणि शेजार हरवला, अशी खंत लोकांनीं बोलून दाखविली. याच्या उलट ज्या गांवांचें नुकसान कमी होतें तेथें घरमालकानेंच आपलें घर दुरुस्त करावें आणि सरकारनें हप्त्याहप्त्यानें पैसे व तांत्रिक सल्ला द्यावा, अशी योजना झाली. भिंतींत आरपार दगड बसविणें, माळवदावरील मातीचा भार कमी करणें, भिंतीच्या माथ्याशीं चारी बाजूंनीं काँक्रीटचा पट्टा फिरविणें, खांब आणि तुळई यांच्या कोनांत तिरपे आधार देणें, अशा साध्या उपायांनीं लक्षावधि घरें मजबूत होऊं लागलीं. या कामीं सरकारनें गांवोगांवच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलें. पैसा किती आला, काम नियमाप्रमाणें होतें कीं नाहीं, हें त्या घरोघर जाऊन समजावूं लागल्या. ज्यांना पूर्वीं गांवच्या बैठकींत कोणी बोलूं दिलें नसतें त्या बायका इंजिनियरांना प्रश्न विचारूं लागल्या. २००१ सालीं गुजरातेंत कच्छचा भूकंप झाला तेव्हां लातूर-उस्मानाबादकडील कांहीं बायका तेथें गेल्या आणि तेथील बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. काल ज्यांना आधार द्यावा लागला त्यांनींच आज दुसऱ्यांना आधार द्यावा, यापरतें सावरण्याचें दुसरें लक्षण कोणतें?

जगांतील शहाण्या राष्ट्रांनीं हेंच केलें आहे. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपानें आणि आगीनें उद्ध्वस्त झाली. तेथील मंत्री पोंबाल यानें प्रत्येक परगण्यांत प्रश्नावलि पाठवून धक्का किती वेळ टिकला, किती घरें पडलीं, विहिरींच्या पाण्याचें काय झालें, अशी माहिती मागविली. आणि नव्या घरांच्या भिंतींत लांकडी सांगाडा असावा असा नियम केला. जपानांत १ सप्टेंबर १९२३ रोजीं टोकियो व योकोहामा या शहरांचा संहार झाला. १९६० पासून तोच दिवस तेथें आपत्तिनिवारणाचा दिवस म्हणून पाळला जातो, आणि शाळेंतील मुलें धक्का बसल्यास काय करावें याचा सराव करतात. शोक करण्याचा दिवस त्यांनीं शिकण्याचा दिवस केला.

याउलट विसराळूपणा किती घातक असतो याचे दाखलेही आपल्याच घरीं आहेत. १९९३ पूर्वीं किल्लारीचा प्रदेश भूकंपाच्या नकाशांत सर्वांत निर्धोक वर्गांत होता. १९९२ सालीं लहान धक्के बसून गेले तरी लोकांना त्यांची हळूहळू संवय झाली. भूकंपानंतर २००२ सालच्या नकाशांत तो वरच्या वर्गांत घालण्यांत आला. २०१६ सालीं लातूरचें मांजरा धरण कोरडें पडलें आणि मिरजेहून ‘जलदूत’ नांवाची आगगाडी पाणी घेऊन येऊं लागली. बहात्तर सालीं पिण्यास पाणी होतें पण धान्य नव्हतें, आतां धान्य आहे पण पाणी नाहीं, असें त्या वेळीं वृद्ध माणसें म्हणत. आगगाडीनें पाणी पोंचविणाऱ्यांचें कौतुक करावें तितकें थोडें. परंतु ऊंस आणि खोल कूपनलिका यांनीं भूमीचें पोट रितें करीत असतांना आपण गप्प कां होतों, हा प्रश्न आगगाडी निघून गेल्यावरही उरतो. आणि २०२० च्या महामारींत, ८ मे रोजीं पहांटे, जालन्याहून पायीं गांवाकडे निघालेले मध्य प्रदेशाचे १६ मजूर औरंगाबादजवळ करमाड येथें रेल्वेच्या रुळांवर झोपले असतां मालगाडीखालीं सांपडले. आपल्या व्यवस्थेच्या वहींत ज्यांचीं नांवें नीट लिहिलेलीं नव्हतीं त्यांची ती गोष्ट आहे. पायरी चढणें संपलेलें नाहीं, एवढें त्यावरून कळावें.

कोणी म्हणेल, या साऱ्या राज्यकर्त्यांच्या गोष्टी. इस्लापूरच्या शाळकरी मुलानें यांत काय करावें? आमचें उत्तर असें कीं, पुष्कळ करण्यासारखें आहे. रोजचा पाऊस मोजून वहींत टिपावा. दहा वर्षांनीं ती वही गांवाला उपयोगी पडेल. पैनगंगेला आणि गांवच्या ओढ्यांना आजवर आलेल्या मोठ्या पुरांचें पाणी कोठपर्यंत चढलें होतें, हें वृद्धांना विचारून त्याची खूण करून ठेवावी, म्हणजे तेथें पुन्हां कोणी घर बांधणार नाहीं. आपल्या गल्लींत एकटें राहणारें म्हातारें माणूस कोणतें, अंथरुणाला खिळलेलें कोण, हें प्रत्येकाला ठाऊक असावें. घर बांधतांना भिंतींत आरपार दगड घालावयास गवंड्यास सांगावें. पालकांनीं पीकविम्याचे, जमिनीचे आणि घरचे कागद जपून ठेवावेत, आणि ग्रामसभेंत उपस्थित राहून नियमानें जें गांवाचें आहे तें मागावें. बहात्तरच्या आठवणी सांगणारीं माणसें आतां थोडींच उरलीं आहेत. त्यांच्यापाशीं बसून त्या लिहून काढणें, हें तर आमच्या विद्यार्थ्यांना सुटींतही करतां येईल.

दामाजीपंतांसारखीं माणसें प्रत्येक पिढींत निपजोत, अशी आमची प्रार्थना आहे. परंतु भुकेल्या माणसाला दाणा मिळण्यासाठीं कोणा दामाजीपंताला आपला प्राण धोक्यांत घालावा लागूं नये, अशी व्यवस्था करणें आणि ती जागती ठेवणें, हें आपणां सर्वांचें काम आहे. आजचे आमचे विद्यार्थी उद्यां तलाठी, शिक्षक, अभियंते, डॉक्टर आणि शेतकरी होतील. पुढील संकटाच्या वेळीं कोठाराच्या किल्ल्या त्यांच्याच हातीं असणार आहेत.